ओटीपोटाच्या तळाचा शोध

पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावच्या महागणपतीला लागूनच कारेगाव आहे. आज हे नाव घेतले की औद्योगिक वसाहत, कंपन्यांच्या बसगाड्या आणि भाड्याच्या खोल्यांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. पण शिरूर तालुक्याचा हा पट्टा मुळातला जिरायती. बाजरी, ज्वारी, हुलगे, डोक्यावरचे पाणी आणि १९७२ च्या दुष्काळातली खडी फोडण्याची कामे, यांत इथल्या बायकांच्या दोन पिढ्या गेल्या. मग घोड धरणाचे आणि चासकमानच्या कालव्याचे पाणी फिरले, ऊस आला, न्हावऱ्याला घोडगंगा साखर कारखाना उभा राहिला. शेजारच्या दौंड तालुक्यात पाटसला भीमा कारखाना होताच. कामे बदलली, पण बाईच्या डोक्यावरचे आणि कमरेवरचे ओझे उतरले नाही.

या भागात, आणि खरे तर साऱ्या महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, बायका एक तक्रार फार हळू आवाजात बोलतात. 'अंग बाहेर येतंय' असे म्हणतात. ती आधी सांगितली जाते आईला, नाहीतर जावेला. डॉक्टरपर्यंत ती पोचायला वर्षे लागतात, कधी कधी पोचतच नाही. तिच्या बरोबरीने आणखी एक तक्रार असते, ती तर तोंडातूनच निघत नाही: खोकला, शिंक आली किंवा हंडा उचलला की लघवीचे थेंब गळतात.

या दुखण्यावर आपल्याकडे काहीच झाले नाही असे मुळीच नाही. उलट त्यावरच्या ज्या शस्त्रक्रिया स्त्रीरोगाच्या पाठ्यपुस्तकांत शोधकर्त्याच्या नावानिशी शिकवल्या जातात, त्यांतल्या महत्त्वाच्या शस्त्रक्रिया मुंबईतल्या मराठी शल्यविशारदांनी घडवल्या. दुरुस्ती फार हुशारीने झाली. पण ज्या स्नायूंनी हे सगळे तोलून धरायचे, ते का हरतात आणि त्यांना पुन्हा बळ कसे द्यायचे, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला. त्या उशिराचा हा इतिहास आहे.

आधी शरीराची रचना पाहू. समोर जघनाचे हाड, मागे माकडहाड, आणि या दोहोंच्या मध्ये स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या झोळीवर विसावतात, आणि तिघांचे मार्ग तिच्यातूनच बाहेर पडतात. त्यामुळे या स्नायूंचे काम दुहेरी असते: वाट बंद ठेवायची आणि वेळ आली की मोकळी करून द्यायची. हातापायाचे स्नायू झोपेत सैल पडतात, हे मात्र झोपेतही थोडे आवळलेलेच असतात. आपण खोकलो की त्याच क्षणी ते आणखी घट्ट होतात. गर्भाशयाला धरून ठेवणारे अस्थिबंधही असतात, पण स्नायू खालून पेलतात तोवर त्या बंधांवर फारसा ताण येत नाही. स्नायू ढिले पडले की सगळा भार बंधांवर येतो. बंध महिनोन्‌महिने ताणत जातात आणि एक दिवस गर्भाशय खाली सरकते. हेच 'अंग बाहेर येणे'.

स्नायू ढिले पडण्याची कारणे अनेक. बाळंतपण हे सर्वांत मोठे. त्यात लहान वयातली आणि पाठोपाठची बाळंतपणे, अडलेली प्रसूती, गर्भाशयाचे तोंड पुरते उघडायच्या आधीच 'जोर लाव' म्हणून केलेली घाई, पोट वरून दाबणे यांची भर पडते. चुलीच्या धुराने लागलेला कायमचा खोकला, बद्धकोष्ठ, अपुरे खाणे, जड ओझी, पाळी गेल्यानंतरचा अशक्तपणा ही कारणे पुढे साथ देतात. काही जणींच्या शरीरातले धरून ठेवणारे ऊतकच जन्मतः कमकुवत असते. त्यांचे अंग मूल झालेले नसतानाही बाहेर येते.

आपल्या जुन्या वैद्यकाला हे दुखणे चांगले ठाऊक होते. चरकसंहितेत स्त्रियांच्या जननमार्गाचे वीस विकार सांगितले आहेत. त्यांत 'महायोनि' आहे, आणि सुश्रुताच्या यादीत 'प्रस्रंसिनी' आहे, म्हणजे जागेवरून घसरणारी. उपाय सांगितले आहेत ते तेल लावण्याचे, शेकण्याचे, हाताने हळूच आत सारण्याचे आणि वर तेलात भिजवलेला बोळा ठेवून बांधण्याचे. पुढे गावोगावच्या सुइणींनी आणि घरच्या म्हाताऱ्यांनी यांतले पुष्कळसे जपले. बाळंतिणीचे पोट बांधणे, शेक-शेगडी, आळीव, डिंकाचे लाडू, सव्वा महिना बाजेवरून खाली न उतरणे, या रिवाजांत सोवळ्याओवळ्याचा भाग खूप होता. पण शरीराला विसावा मिळण्याची सोयही त्यांत होती. अडचण अशी की सव्वा महिना बाजेवर राहणे ज्यांच्या घरी कणगीत धान्य होते त्यांनाच परवडे. मोलमजुरी करणारी बाई आठ-दहा दिवसांत रानात जाई.

आधुनिक शास्त्राच्या रीतीने या भागातला दाब मोजण्याचा एक आरंभीचा प्रयत्न पुणे जिल्ह्यातच प्रसिद्ध झाला, आणि तोही एका योगाश्रमातून. स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. त्यांचे पहिले प्रयोग त्याआधी बडोद्यात झाले होते. उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटाच्या आत नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिले आणि दाबमापक नळी लावून मोजले. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणजे आत अंशतः पोकळी तयार होते, असे त्यांना आढळले. बस्तिक्रियेत गुदमार्गाने पाणी वर का ओढले जाते, याचा उलगडा त्यातून झाला. आपले गुरू माधवदासजी यांचे नाव त्यांनी या पोकळीला दिले.

त्या प्रयोगांत बाईच्या ओटीपोटाचा प्रश्न नव्हता. तरीही मला ते इथे महत्त्वाचे वाटतात. हठयोगाच्या ग्रंथांत मूलबंध आहे, अश्विनी मुद्रा आहे. दोन्हींत गुदद्वाराभोवतीचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू जाणीवपूर्वक आवळायचे आणि सोडायचे असतात. पोटातला दाब कमी कसा करायचा आणि तळाचे स्नायू आवळायचे कसे, ही दोन्ही कौशल्ये लोणावळ्याच्या त्या खोल्यांत हजर होती, आणि मोजण्याची हौसही होती. पोटातला दाब कमी करणाऱ्या श्वसनाचे व्यायाम बाळंतिणींसाठी पुढे युरोपात मांडले गेले. बेल्जियमच्या मार्सेल कोफ्रिए यांनी ते १९८० च्या दशकात पुढे आणले आणि त्यांचे उड्डियानाशी असलेले साम्य उघड आहे. लोणावळा ते मुंबई हे अंतर फार नव्हते. पण योगाची प्रयोगशाळा आणि प्रसूतीचे रुग्णालय या दोन जगांची गाठ त्या काळी पडली नाही.

लोणावळ्याच्या प्रयोगांच्याच, म्हणजे १९२० च्या दशकात मुंबईत आणखी एक घटना घडली. वैद्यकाच्या इतिहासात ती सहसा सांगत नाहीत. गिरण्यांत हजारो स्त्रिया काम करत होत्या आणि बाळंत होऊन काही दिवसांतच साच्यावर परतत होत्या. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभाचे विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा कायदेमंडळाचे सभासद होते. त्यांनी २८ जुलै १९२८ रोजी विधेयकाला ठाम पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये कायदा झाला. भारतातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. प्रसूतीनंतरचे चार आठवडे बाईला कामावर घ्यायला त्याने मनाई केली. प्रसूतीनंतर आईला सवड मिळणे ही घरची मेहेरबानी नसून तिचा हक्क आहे, हे पहिल्यांदा कागदावर आले. मात्र कागदावर आले ते कारखान्यांपुरते. शिरूरच्या बांधावर खुरपणाऱ्या बाईला तो कायदा लागू नव्हता.

आता येऊ मुंबईच्या शस्त्रक्रियागृहात. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ चा, गोव्यातल्या शिरोड्याचा. शाळा हुबळीला, वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. १९३१ मध्ये इंग्लंडहून एफ.आर.सी.एस. होऊन ते परतले आणि १९४० पासून ग्रँटमध्ये स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे मानद प्राध्यापक होते. त्यांच्यापुढे येणाऱ्या रुग्ण आणि त्यांनी शिकलेली इंग्रजी पुस्तके यांचा मेळ बसत नव्हता. अंग बाहेर येण्यावर इंग्लंडात प्रतिष्ठा पावलेली शस्त्रक्रिया मँचेस्टरची होती. आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी ती १८८८ मध्ये सुरू केली आणि फॉदरगिल यांनी पुढे सुधारली. तिच्यात गर्भाशयाचे मुख कापून टाकावे लागे. ज्या बाईची मुले होऊन गेली आहेत तिला ते चालण्यासारखे होते. मुख कापल्यावर पुढे गर्भ राहणे अवघड होते, राहिला तर गर्भपाताचा आणि अवेळी प्रसूतीचा धोका असतो.

इथे तर रुग्ण विशी-पंचविशीच्या. एखादे मूल झालेले, किंवा एकही नाही. त्या काळातल्या बाईला मूल होणार नाही असे सांगणे म्हणजे तिच्या संसाराचे काय होणार, हे डॉक्टरांना नीट कळत होते. म्हणून गर्भाशय आणि त्याचे मुख दोन्ही राखून ते वर उचलायचे, असा हेतू धरून मुंबईत काम सुरू झाले. शिरोडकरांनी आधी मँचेस्टरच्या शस्त्रक्रियेतच बदल केला. मुख कापायचे नाही, आणि मागच्या बाजूचे अस्थिबंध सोडवून पुढे आणून मुखाच्या समोर शिवायचे. शिरोडकरांची सुधारणा म्हणून ती आजही शिकवतात.

पण ज्यांचे बंधच कमकुवत, त्यांना याचा उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी शिरोडकरांनी पोटातून करायची शस्त्रक्रिया रचली. मांडीच्या बाहेरच्या अंगाला कातडीखाली स्नायूंवर जाड, चिवट, पांढरे आवरण असते. त्याची पट्टी काढायची. तिचा मधला भाग गर्भाशय आणि त्याचे मुख यांच्या सांध्याला मागून शिवायचा आणि दोन्ही टोके पोटाच्या पातळ पडद्याखालून मागे नेऊन त्रिकास्थीच्या वरच्या उंचवट्यावरील बंधाला पक्की करायची. डावीकडे मोठ्या आतड्याचे वळण आडवे येते. तिथे आतड्याला फास बसू नये म्हणून पट्टी कमरेच्या आतल्या स्नायूत वळसा देऊन न्यायची. मांडीच्या पट्टीऐवजी पुढे मर्सिलीनची कृत्रिम फीत आली. शस्त्रक्रिया अवघड. रक्तवाहिन्या, मूत्रवाहिन्या आणि आतडे यांच्या अगदी शेजारून हात न्यावा लागतो. पण या पट्टीच्या आधाराने गर्भाशय जागेवर राहिले आणि बायकांना मुले झाली.

मांडीच्या याच पट्टीने शिरोडकरांना जगभर नाव मिळवून दिले. चौथ्या ते सातव्या महिन्यात पुन्हा पुन्हा गर्भ पडणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाचे मुख वेळेआधी उघडते. त्या मुखाभोवती त्यांनी ही पट्टी आवळली. १९५५ मध्ये मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' मासिकात त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि 'शिरोडकर टाका' दुनियाभरच्या प्रसूतिगृहांत गेला. १९६० मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. १९७१ मध्येच ते वारले.

१९६० च्या दशकात मुंबईच्याच डॉ. व्ही. एन. पुरंदरे यांनी वेगळी वाट काढली. हे घराणेच स्त्रीरोगतज्ज्ञांचे. वडील डॉ. एन. ए. पुरंदरे नामांकित होते आणि बंधू डॉ. बी. एन. पुरंदरे यांनाही पद्मभूषण मिळाले. पुरंदऱ्यांनी गर्भाशय मागच्या हाडाला न बांधता पुढे, पोटाच्या स्नायूंवरच्या आवरणाला बांधले. त्या आवरणाच्याच दोन पट्ट्या मोकळ्या करून आत नेल्या आणि गर्भाशयाच्या मुखाला समोरून शिवल्या. यात एक फार सुंदर कल्पना आहे. बाई खोकते, ओझे उचलते, तेव्हा पोटातला दाब वाढतो आणि गर्भाशय खाली ढकलले जाते. पण त्याच क्षणी पोटाचे स्नायू आवळतात आणि त्यांना जोडलेल्या पट्ट्या गर्भाशय वर ओढतात. ज्या जोराने ते खाली जायचे, तोच जोर त्याला सावरतो. शस्त्रक्रियाही शिरोडकरांच्या मानाने सोपी होती. पुढे डॉ. खन्ना यांनी फितीची टोके कमरेच्या हाडांना बांधली, आणि मुंबईच्याच डॉ. अजित विरकूड यांनी उजवीकडे शिरोडकरांची आणि डावीकडे पुरंदऱ्यांची रीत घेऊन दोन्हींचा मिलाफ केला.

मला या साऱ्या शल्यकौशल्याबद्दल मनापासून आदर आहे. तरुण बाईचे गर्भाशय राखायचे या एका हट्टापायी घडलेले हे काम आहे. पण ओटीपोटाचे जे मूळ स्नायू ढिले पडले होते, ते या शस्त्रक्रियांनंतरही ढिलेच राहत होते. पट्टीने गर्भाशय वर टांगले जाते, त्याच्या खालचा तळ दुरुस्त होत नाही. मूत्राशयाची किंवा गुदाशयाची भिंत फुगून खाली आली असेल तर ती तशीच उरते, लघवी गळण्याचा त्रास राहू शकतो.

स्नायूंचा विचार याच सुमारास दुसऱ्या टोकाला सुरू झाला होता. अमेरिकेत लॉस एंजेलिसला डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे साधे होते: बाळंतपणात दुखावलेले हे स्नायू इतर कोणत्याही स्नायूप्रमाणे व्यायामाने पुन्हा बळकट होतात. त्यांनी त्यासाठी एक उपकरणही केले. योनिमार्गात ठेवायचा हवेचा लहान फुगा आणि त्याला जोडलेला दाबमापक. बाई स्नायू आवळते, काटा हलतो आणि तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते की आपण बरोबर करतो आहोत. दिवसातून तीनदा वीस वीस मिनिटे व्यायाम करायचा, अशी त्यांची शिस्त होती.

काटा महत्त्वाचा का, हे पुढे स्पष्ट झाले. १९९१ मध्ये अमेरिकेत रिचर्ड बम्प आणि सहकाऱ्यांनी ४७ बायकांना हा व्यायाम केवळ तोंडी समजावून सांगितला आणि मग मोजमाप केले. निम्म्याच जणींना तो नीट जमत होता. चौथा हिस्सा बायका तर आवळण्याऐवजी खाली जोर देत होत्या, म्हणजे दुखणे वाढेल असेच करत होत्या. व्यायाम फुकटचा, पण शिकवायला माणूस लागतो, वेळ लागतो, बंद दाराची खोली लागते आणि मोकळेपणाने बोलण्याची सवय लागते. महाराष्ट्राच्या खेड्यात यांतले काहीच नव्हते. म्हणून मुंबईच्या रुग्णालयात कापून शिवणे पोचले, पण खेड्यातल्या दवाखान्यात व्यायाम पोचला नाही.

खेड्यातल्या बायकांपर्यंत जाण्याची धडपड मात्र याच शिरूर तालुक्यात सुरू झाली. डॉ. बानू कोयाजी १९४४ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयात आल्या, तेव्हा ते ४० खाटांचे प्रसूतिगृह होते. त्यांनी त्याचे मोठे रुग्णालय केले आणि सत्तरच्या दशकात त्या रुग्णालयाचे काम भीमेच्या काठी वढू बुद्रुकला नेले. हे तेच वढू, जिथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन त्यांच्या हाती काम सोपवायचे, ही त्यांची रीत होती. १९९३ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वढूला पुढे केईएमचे संशोधन केंद्र उभे राहिले आणि शिरूर-हवेलीतल्या गावांतल्या घराघरांची आरोग्यनोंद ठेवली जाऊ लागली. या कामाचा भर होता जन्म, मृत्यू, कुटुंबनियोजन आणि बाळांच्या आजारांवर. बाळंतपण पार पडल्यावर आईच्या शरीराचे काय होते, हा प्रश्न तेव्हा खेड्यात जाऊन सहसा कुणी विचारत नव्हते.

तो विचारला गडचिरोलीत. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग गडचिरोलीला आले आणि 'सर्च' ही संस्था त्यांनी उभी केली. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची मुलाखत, तपासणी आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या केल्या. त्यांत लग्न न झालेल्या मुलीही होत्या. कुणी दवाखान्यात आले म्हणून तपासले, असे नव्हते. गावच्या सगळ्या बायकांना बोलावून तपासले होते. जानेवारी १९८९ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा त्रास होता, सरासरीने एकीला ३.६ आजार होते. यापूर्वी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका अवघ्या ८ टक्के. जवळजवळ निम्म्या जणींची स्वतःची काही तक्रार नव्हती. याचा एक अर्थ असा की 'बाईच्या जन्माला हे असायचंच' असे मानून त्यांनी ते सोसले होते.

या निबंधाने जगभरच्या आरोग्यधोरणाला हलवले. तोवर खेड्यातली बाई म्हणजे कुटुंबनियोजनाची 'केस' किंवा बाळंतीण, एवढेच सरकारी खाते ओळखत होते. १९९४ च्या कैरोतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेत कुटुंबनियोजनाच्या जागी स्त्रीच्या एकूण प्रजनन-आरोग्याचा विचार आला, त्यामागे असे अभ्यास होते. गडचिरोलीच्या आकड्यांत निम्मे आजार जंतुसंसर्गाचे होते. ओटीपोटाच्या स्नायूंचे विकार हा त्याचा एक भाग. पण बायकांना विचारले तर त्या सांगतात आणि तपासू देतात, हे त्यातून सिद्ध झाले.

पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात १९८७ मध्ये मनीषा गुप्ते आणि रमेश अवस्थी यांनी 'मासूम' ही संस्था सुरू केली. गावातल्या बायकांना त्यांनी आरोग्यकार्यकर्त्या केले, आरसा आणि स्पेक्युलम घेऊन स्वतःचे शरीर स्वतः पाहायला शिकवले. दौंडच्या शेजारचा हा तालुका. फार शिकलेल्या नसलेल्या बाईच्या हाती तपासणीचे साधन देणे, हे त्या काळी धाडसाचे काम होते.

याच्या अगदी उलट घडले ते उसाच्या फडात. शिरूर आणि दौंडच्या रानात हंगामात बीड आणि नगरहून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', आणि कोयत्यामागे मुकादमाची उचल. पहाटे तोडायला सुरुवात. ऊस तोडायचा, वाढे काढायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. बाळंत झालेली, पाळी आलेली, पोट दुखणारी, सगळ्या बायका हेच करतात. खाडा पडला की दंड. जवळ ना संडास ना आडोसा, म्हणून लघवी दाबून धरायची. ओटीपोटाच्या तळावर याहून जास्त ताण देणारे काम शोधून सापडणार नाही.

अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, अंग खाली येते, म्हणून या बायका खासगी दवाखान्यात गेल्या की पुष्कळदा एकच सल्ला मिळे: पिशवी काढून टाका. २०१९ मध्ये हे वर्तमानपत्रांतून पुढे आले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींची पिशवी काढल्याचे आढळले. म्हणजे सहातल्या एकीची. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मंजुरीशिवाय पिशवी काढू नये, असा निर्बंध मग बीडमध्ये आला.

पिशवी काढल्याने स्नायूंना बळ येत नाही. उलट वरचा आधार तुटल्याने पुढे योनिमार्गाचा माथाच खाली येऊ शकतो. २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वीडनचा मोठा अभ्यास आला. पिशवी काढलेल्या १,६५,२६० बायकांची तुलना न काढलेल्यांशी केली तेव्हा, पुढे लघवी गळण्यावर शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता त्यांच्यात दुपटीहून अधिक निघाली. ज्या मुंबईत तरुण बायकांचे गर्भाशय राखायला मांडीची पट्टी काढून जीव तोडून प्रयत्न झाले, त्याच राज्यात अर्ध्या शतकानंतर गरीब बायकांची गर्भाशये इतक्या सहज काढली गेली, हे वाचून मन विषण्ण होते. शिरोडकर-पुरंदऱ्यांची विद्या हरवली नव्हती. पण ती आपल्यासाठी आहे, हे या बायकांना कुणी सांगितले नाही.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत शास्त्राने मात्र स्नायूंना केंद्रस्थानी आणले. १९९२ मध्ये अमेरिकेत जॉन डिलॅन्सी यांनी योनिमार्गाच्या आधाराचे तीन स्तर उलगडून दाखवले. २००४ मध्ये त्यांच्याच गटाने संगणकावर प्रसूतीचे प्रतिरूप केले आणि बाळाचे डोके बाहेर येताना या स्नायूचा आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणला जातो, असे दाखवले. इतका ताण शरीरातला दुसरा कुठलाही ऐच्छिक स्नायू इजा न होता सोसत नाही. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात हान्स पीटर डीट्झ यांनी त्रिमितीय सोनोग्राफीने पाहिले तर योनिमार्गे बाळंत झालेल्या ३९ बायकांपैकी १४ जणींचा स्नायू हाडापासून सुटला होता. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ही जखम कुणाला कळली नाही.

व्यायामाचा उपयोगही कसोटीला लागला. २०१४ मध्ये ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या ४४७ बायकांवरच्या चाचणीत, ज्यांना फिजिओथेरपिस्टने एकेकीला बसवून व्यायाम शिकवला त्यांचा अंग बाहेर येण्याचा त्रास वर्षभराने स्पष्ट कमी झाला होता. फार पुढे गेलेल्या दुखण्यात व्यायामाने गर्भाशय वर जात नाही. तिथे योनीत बसवायची रबरी किंवा सिलिकॉनची कडी किंवा शस्त्रक्रिया लागते. पण सुरुवातीला पकडले तर पुष्कळ काही वाचते. शेजारच्या नेपाळमध्ये तर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंग बाहेर येणे हा स्त्रीच्या प्रजनन-हक्काचा प्रश्न ठरवला आणि सरकारला उपाय करायला सांगितले.

आपल्याकडे यासाठी नवे खाते उभारायची गरज नाही. गडचिरोलीच्याच कामातून नवजात बाळाच्या घरच्या घरी देखभालीची योजना निघाली आणि २०११ पासून ती देशभर लागू झाली. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. कारेगावच्या चाळीतही जातात. बाळाचे वजन करतात, ताप पाहतात, आई पाजते का ते विचारतात. या सहा भेटींत आणखी दोन प्रश्न सहज मावतात: खोकल्यावर लघवी गळते का, आणि खाली काही आल्यासारखे वाटते का. उत्तर 'हो' आले तर तिला उताणे झोपवून, गुडघे उभे करून, लघवी अडवताना जसे आवळतो तसे आतून वर ओढायला सांगायचे, मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे आणि सोडायचे. पोट, मांड्या, कुल्हे ढिले हवेत, श्वास चालू हवा. लघवीला बसल्यावर हा सराव करायचा नाही. बेचाळिसाव्या दिवशीही त्रास असेल तर तिचे नाव आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे जायला हवे, आणि तिथे तिला तपासायला बाई डॉक्टर हवी.